पिवळ्या लेबलाची रसायने आणि त्यांच्या शेजारच्या वस्तू

१३:०:४५ या विद्राव्य खताच्या पोत्यावर तिरका उभा राहिलेला एक पिवळा चौकोन छापलेला असतो. त्यात वर्तुळावर ज्वाला दाखवलेली असते आणि खालच्या कोपऱ्यात ५.१ हा आकडा असतो. तासगाव, पलूस, मिरज या भागांतील द्राक्षबागांच्या शेडमध्ये ही पोती हंगामभर पडलेली असतात, पण त्या चौकोनाचा अर्थ विचारला तर बहुतेक जण एक तर मान हलवतात किंवा ‘हे खत पेट घेते’ असे सांगतात. तो चौकोन ऑक्सिडकाची खूण आहे, म्हणजे ऑक्सिजन देऊन किंवा इलेक्ट्रॉन काढून घेऊन दुसऱ्या पदार्थाला जाळणाऱ्या रसायनाची. वस्तुस्थिती अशी आहे की हे खत, म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, स्वतः पेट घेत नाही. त्याच्या ढिगाला काडी लावली तर काडी विझते. सुमारे ३३४ अंश सेल्सिअसला ते मुकाट्याने वितळते आणि त्यापुढे तापवत गेल्यास आपल्यातला थोडा ऑक्सिजन सोडून पोटॅशिअम नायट्राइट बनते. धोका आहे तो या सोडलेल्या ऑक्सिजनात, आणि तो ऑक्सिजन घ्यायला त्या क्षणी शेजारी काय पडलेले आहे, यात.

मी सांगलीत बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि आता ओळखीच्या महाविद्यालयांची रसायनांची कोठारे लावून देण्याचे काम आवडीने करतो. या कामात एक गोष्ट वारंवार दिसली, ती अशी की ज्वलनशील पदार्थांची भीती सर्वांना असते. पेट्रोल, स्पिरिट, इथर यांना कुलूप लावले जाते. ऑक्सिडकांच्या बाटल्या मात्र ‘हे काही जळत नाही’ या भरवशावर कुठेही ठेवल्या जातात. ऑक्सिडकाला स्वतःचा स्वभाव असतो हे खरे, पण त्याचा धोका ठरतो तो त्याच्या शेजाऱ्यावरून, आणि हे नीट मांडावे म्हणून आज थोडे विस्ताराने लिहीत आहे. नेहमीची रसायने आणि अगदी विलक्षण, प्रयोगशाळेच्या बाहेर कधी न दिसणारी रसायने यांचा विचार मी एकत्रच करणार आहे, कारण दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे.

पाठ्यपुस्तकात ऑक्सिडकाची ताकद व्होल्टमध्ये दिलेली असते. फ्लोरीन २.८७, ओझोन २.०७, हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे १.७७, आम्लातील परमँगनेट १.५१, डायक्रोमेट १.३३ अशी ती उतरंड विद्यार्थी पाठ करतात आणि जितका आकडा मोठा तितका पदार्थ धोकादायक असा समज करून घेतात. हा समज किती अपुरा आहे हे परक्लोरेटवरून कळते. परक्लोरेटचा आकडा डायक्रोमेटच्या जवळपासचा, किंबहुना किंचित जास्तच आहे. तरीही थंड आणि विरल द्रावणातले परक्लोरेट इतके निष्क्रिय असते की विद्युतरसायनशास्त्राच्या प्रयोगांत ‘जे कशातच भाग घेणार नाही असे क्षार’ म्हणून सोडिअम परक्लोरेट वापरतात. या आयनाच्या मध्यभागी असलेल्या क्लोरीनला चार ऑक्सिजन अणूंनी सर्व बाजूंनी वेढलेले असते, त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनला आत शिरायला वाट मिळत नाही. ऊर्जा भरपूर साठलेली आहे, पण दार बंद आहे. उष्णता आणि संहती (द्रावणाची तीव्रता) वाढवली की हे दार उघडते, आणि ते हळूहळू उघडत नाही.

आपल्या जिल्ह्यात परक्लोरिक आम्ल वापरले जाते हे पुष्कळांना माहीत नसेल. द्राक्षाच्या पानांच्या देठांचे परीक्षण करून घेणारे बागायतदार जो नमुना प्रयोगशाळेत देतात, तो वाळवून, दळून, नायट्रिक आणि परक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात उकळून विरघळवण्याची पद्धत कृषी प्रयोगशाळांत जुनी आहे. देठाचे चूर्ण म्हणजे निव्वळ सेंद्रिय पदार्थ, आणि व्यापारात मिळणारे परक्लोरिक आम्ल ७० ते ७२ टक्क्यांचे असते. गरम झाल्यावर त्याच्यासारखा तडकाफडकी ऑक्सिडक शोधून सापडणार नाही. ही पद्धत सुरक्षित राहते ती केवळ एका क्रमामुळे: सहज जळणारा भाग आधी नायट्रिक आम्लाने संपवायचा, मगच परक्लोरिक आम्लाची पाळी येऊ द्यायची, आणि भांडे कोरडे पडू द्यायचे नाही. घाईत हा क्रम चुकला की स्फोट होतो. शिवाय या आम्लाची वाफ धुराड्यात जाऊन थंड होते, तिथल्या धुळीत आणि धातूच्या पत्र्यात परक्लोरेटचे थर साचत जातात, आणि वर्षांनंतर कुणी दुरुस्तीसाठी हातोडा मारला की ते थर उडतात. म्हणूनच परक्लोरिक आम्लासाठी आतून पाण्याने धुता येणारे स्वतंत्र धुराडे लागते. साध्या धुराड्यात, त्यातही लाकडी धुराड्यात, हे काम करू नये, असे मी भेटेल त्या प्रयोगशाळा साहाय्यकाला सांगत आलो आहे.

२० फेब्रुवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मुलामा देण्याच्या कारखान्यात जे घडले, ते याच आम्लाचे. ॲल्युमिनिअमला चकाकी आणण्यासाठी तिथे परक्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक अनहायड्राइड यांचे मिश्रण टाकीत भरलेले होते. ते थंड ठेवणे अत्यावश्यक होते आणि शीतकरण यंत्र बिघडले होते. त्यात वस्तू टांगण्यासाठी प्लास्टिकची चौकट वापरली गेली. सतरा माणसे मृत्युमुखी पडली आणि आसपासच्या इमारतींचे प्रचंड नुकसान झाले. टाकीत ज्वलनशील द्रव आणि ऑक्सिडक आधीच एकत्र होते. शेजारी म्हणून आणखी एक सेंद्रिय पदार्थ आला आणि तापमानावरचा ताबा सुटला. परक्लोरेटविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो: २००८ साली फिनिक्स यानाने मंगळाच्या मातीत परक्लोरेट असल्याचे दाखवले. तिथल्या थंडीत ते शांत पडून आहे, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

आता ज्यांना दारच नाही, अशा ऑक्सिडकांकडे वळतो. क्लोरीन ट्रायफ्लोराइड हे संयुग १९३० मध्ये जर्मनीत ओटो रुफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रथम तयार केले. ते सुमारे १२ अंशांना उकळते, म्हणजे सांगलीच्या हवेत ते वायूच असेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने त्याचा शस्त्र म्हणून विचार केला आणि फाल्केनहागेन येथे त्यासाठी कारखानाही उभारला, पण ते फारसे हाताळता आले नाही. पुढे रॉकेटसाठीही त्याचा अभ्यास झाला आणि तोही मागे पडला. कापड, लाकूड, रबर, माणसाची त्वचा यांना ते कोणत्याही ठिणगीशिवाय पेटवते. पाण्याशी त्याची अभिक्रिया स्फोटासारखी होते आणि तीत हायड्रोजन फ्लोराइडसारखे जहाल विषारी वायू निघतात.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे ती वाळूची. प्रत्येक प्रयोगशाळेच्या दाराशी लाल बादलीत वाळू ठेवलेली असते, कारण वाळू जळत नाही. ती का जळत नाही? कारण ती सिलिकॉनचे ऑक्साइड आहे. सिलिकॉनला जेवढा ऑक्सिजन घ्यायचा होता तेवढा त्याने केव्हाच घेतलेला आहे, म्हणजे वाळू आधीच जळून झालेली आहे. पण फ्लोरीनची सिलिकॉनवरची पकड ऑक्सिजनपेक्षाही घट्ट असते. क्लोरीन ट्रायफ्लोराइड वाळूतला ऑक्सिजन हुसकावून लावते, त्या जागी फ्लोरीन बसवते आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायू होऊन निघून जातो. काच, काँक्रीट, ॲसबेस्टॉस यांचीही तीच गत होते. अग्निशमनासाठी आपण ज्या ज्या वस्तूंवर विसंबतो, त्या सगळ्या इथे इंधन ठरतात. मग हे रसायन ठेवतात कशात? पोलाद, तांबे किंवा निकेल यांच्या टाकीत. या धातूंवर त्याच्याच अभिक्रियेने फ्लोराइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो थर पुढची अभिक्रिया अडवतो. हा थर कुठे खरवडला गेला, किंवा टाकीत बोटाचा तेलकट ठसा राहून गेला, तर मात्र धातूही पेटू शकतो. आजही हे संयुग बनते आणि वापरले जाते. अर्धवाहक चिप तयार करणाऱ्या यंत्रांच्या पोकळीत साचलेले थर काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो, कारण तिथे खरवडायला हात पोचत नाही आणि हा वायू मात्र पोचतो.

डायऑक्सिजन डायफ्लोराइड त्याहून पुढचे आहे. दोन ऑक्सिजन आणि दोन फ्लोरीन अणूंचे हे संयुगही रुफ यांच्याच प्रयोगशाळेतले, १९३३ सालचे. ते टिकते तेच मुळी उणे दीडशे अंशांच्या आसपास, आणि तिथेही रोज थोडे थोडे विघटित होत राहते. १९६३ मध्ये ए. जी. स्ट्रेंग यांनी त्याच्या अभिक्रियांवर प्रसिद्ध केलेला शोधनिबंध वाचताना माझ्या मनात भीतीपेक्षा आदरच अधिक येतो, कारण ज्या तापमानात बहुतेक रसायनशास्त्र गोठून जाते, तिथे हे संयुग बर्फाशी, मिथेनशी, अल्कोहोलशी स्फोटक रीतीने वागते, आणि हे सारे त्यांनी अत्यल्प प्रमाणात, एकेका पदार्थाशी, धीराने तपासून नोंदवले आहे.

झेनॉनची गोष्ट वेगळी आहे. निष्क्रिय म्हणून नावाजलेल्या या वायूला नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये कॅनडात प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडच्या साहाय्याने संयुगात आणले. या हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेतला, हे त्यांच्या लक्षात आले होते. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, मग तो का निघू नये, एवढ्या साध्या तुलनेवर त्यांनी हा प्रयोग केला. त्यानंतर लवकरच झेनॉन ट्रायऑक्साइड सापडले. पाण्यातल्या द्रावणात ते बऱ्यापैकी स्थिर असते आणि ऑक्सिडक म्हणून मोठे स्वच्छ असते, कारण काम झाल्यावर मागे कोणताही क्षार न ठेवता झेनॉन हवेत निघून जातो. पण तेच द्रावण नकळत वाळले, भांड्याच्या काठावर चार स्फटिक उमटले, की ते स्फटिक किंचित धक्क्याने किंवा उष्णतेनेही उडतात. १९६३ च्या सुरुवातीला झेनॉनच्या संयुगावर काम करताना झालेल्या स्फोटात बार्टलेट यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. यात शेजारी कुणी नव्हताच. संयुगातच झेनॉन आणि ऑक्सिजन यांना वेगळे होण्याची इतकी ओढ असते की दुसऱ्या पदार्थाची गरज पडत नाही.

अशा अनोख्या ऑक्सिडकांमध्ये एक उपकारकही आहे, आणि त्याचा उल्लेख राहू नये असे मला वाटते. पोटॅशिअम फेरेट हे लोखंडाचे गडद जांभळे संयुग, ज्यात लोखंड सहाच्या ऑक्सिडीकरण अंकावर असते. आम्लात त्याची ताकद परमँगनेटपेक्षा, इतकेच काय ओझोनपेक्षाही थोडी जास्त भरते. काम झाल्यावर मात्र उरतो तो फेरिक हायड्रॉक्साइडचा तांबूस गाळ, जो पाण्यातला गढूळपणाही आपल्याबरोबर खाली बसवतो. जंतू मारणे आणि गाळ बसवणे ही दोन्ही कामे एकाच पदार्थाने व्हावीत, आणि मागे क्लोरीनची संयुगे राहू नयेत, हे आकर्षण मोठे आहे. अडचण अशी की ओलाव्यात ते टिकत नाही आणि बनवायला स्वस्तही नाही.

महाविद्यालयांच्या कोठारांत यातले काहीच नसते. तिथे असतात जुन्या ओळखीची रसायने, आणि ती लावलेली असतात इंग्रजी वर्णक्रमाने, म्हणजे स्टॉक रजिस्टर तपासायला सोपे जावे म्हणून. एका कोठारात मी ‘पी’च्या फळीसमोर बराच वेळ उभा होतो. परक्लोरिक आम्ल, त्याला लागून फिनॉल, मग तांबडा फॉस्फरस, मग पोटॅशिअम क्लोरेट, डायक्रोमेट आणि परमँगनेट. फळी सागवानी, तिच्यावर परमँगनेटचे तपकिरी डाग पडलेले, आणि परक्लोरिक आम्लाच्या बाटलीखाली लाकूड काळसर पडून मऊ झालेले. आम्ल मुरलेले असे लाकूड वाळले की ते स्वतःच एक धोकादायक वस्तू होते. तांबडा फॉस्फरस आणि क्लोरेट यांचे सांगायचे तर आगपेटीतल्या काडीच्या गुलावर क्लोरेट असते आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस असतो. या दोघांना वेगवेगळे ठेवले म्हणूनच तिला सुरक्षित आगपेटी म्हणतात. जी काळजी एवढ्या स्वस्त वस्तूत घेतलेली आहे, ती त्या फळीवर घेतलेली नव्हती. तेथील मंडळींनी माझे म्हणणे लगेच मान्य केले आणि त्याच आठवड्यात ऑक्सिडकांसाठी लोखंडी कपाट वेगळे काढले, हे आवर्जून नोंदवतो.

क्लोरेट आणि नायट्रेट यांच्यातला फरक इथे समजून घेण्यासारखा आहे. नायट्रेटमधून ऑक्सिजन काढायला उष्णता पुरवावी लागते. क्लोरेट ऑक्सिजन सोडताना स्वतःच उष्णता देते. म्हणजे एकदा सुरुवात झाली की क्लोरेट आपले विघटन आपणच पुढे रेटते. १७८८ मध्ये फ्रान्समध्ये एसोन येथे बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी (म्हणजे पोटॅशिअम नायट्रेटऐवजी) क्लोरेट घालून पाहण्याचा प्रयोग झाला, त्या वेळी लाव्हाझिए आणि बर्थोले हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ तिथे हजर होते. स्फोटात दोन माणसे दगावली. आपल्याकडे कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री जे शोभेचे दारूकाम होते, त्याची परंपरा सोऱ्याची आहे आणि सोराही दया दाखवत नाही, पण गंधकाबरोबर क्लोरेट आले की घर्षणाला, उन्हाला, किंचित आम्लतेलाही ते मिश्रण दाद देते. गंधक हवेत राहिले की त्यात आम्लाचा अंश तयार होतो आणि त्यानेच क्लोरेट बिथरते. म्हणून १९९२ साली भारत सरकारने गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेल्या स्फोटक मिश्रणांच्या निर्मितीवर बंदी घातली. ही बंदी केवळ कारखान्यांसाठी आहे असे समजून विज्ञान प्रदर्शनात असले काही ‘करून दाखवण्याचा’ मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा.

प्रदर्शनांचा विषय निघाला आहे म्हणून अमोनिअम डायक्रोमेटच्या ज्वालामुखीविषयी. नारिंगी ढिगाला वरून ज्योत लावली की ठिणग्या उडत हिरवी राख फुगून बाहेर येते, मुले टाळ्या वाजवतात. या क्षाराला बाहेरचा शेजारी लागत नाही, कारण त्याच्या एका भागात अमोनिअमचे इंधन आहे आणि दुसऱ्या भागात डायक्रोमेटचा ऑक्सिडक. हिरवी राख क्रोमिक ऑक्साइडची आणि तुलनेने निरुपद्रवी असते, पण तिच्याबरोबर न जळलेल्या सहासंयुजी क्रोमिअमची बारीक धूळ हवेत उडते, आणि हे क्रोमिअम श्वासावाटे कर्करोग घडवणारे म्हणून निःसंशय ठरलेले आहे. बंदिस्त वर्गात, पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांसमोर हा प्रयोग होऊ नये, हे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही. काचेची भांडी धुण्यासाठी क्रोमिक आम्लाचे मिश्रण भरून ठेवण्याची सवयही त्याच कारणाने सोडून द्यायला हवी. त्याऐवजी परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल वापरण्याची कल्पना तर कुणी मनातही आणू नये, कारण त्यातून मँगनीज हेप्टॉक्साइड नावाचा हिरवट तेलकट द्रव तयार होतो, जो सेंद्रिय वस्तूच्या स्पर्शाने पेटतो आणि थोड्या उष्णतेने उडतो.

जुन्या पद्धतीने ऑक्सिजन तयार करताना क्लोरेटमध्ये मँगनीज डायऑक्साइड उत्प्रेरक म्हणून मिसळतात. ते काळे चूर्ण असते, आणि कोळशाची भुकटीही काळेच चूर्ण असते. चिठ्ठी पुसट झालेल्या बाटलीतले काळे चूर्ण नुसत्या रंगावरून ओळखून वापरल्याने परीक्षानळी हातात फुटल्याचे प्रसंग रसायनशास्त्राच्या अध्यापनाइतकेच जुने आहेत. अशी बाटली दिसली की तिच्यात काय असेल याचा तर्क करू नये, ती बाजूला काढावी.

आता पुन्हा शेडकडे येतो. तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदाराकडे बेदाण्याच्या शेडलगतची औषधांची खोली पाहिली होती. एका कोपऱ्यात भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाची पोती, त्यांच्यावर टेकवलेली १३:०:४५ आणि कॅल्शिअम नायट्रेटची पोती, पुढे बेदाण्याची द्राक्षे बुडवायच्या डिपिंग ऑइलचे कॅन, आणि खिडकीखाली ठिबक धुण्यासाठीचे आम्ल व टीसीएलचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचे, पोते. मालकांना गावात सगळे आबा म्हणतात. मी पोती वेगळी ठेवा म्हटल्यावर आबा म्हणाले, “सर, हे पेटत न्हाई म्हणून तर हितं ठिवलंय.” मी म्हणालो, “आबा, ते स्वतः पेटत नाही हे अगदी खरं. पण गंधक पेटलं तर त्याला हवा लागणारच नाही, ती या पोत्यातून मिळेल. पोतं फाटलेलं आहे आणि दोन्ही पावडरी खाली मिसळल्या आहेत, ते बघा.” त्यांनी खाली वाकून पाहिले, पांढऱ्या आणि पिवळ्या पावडरीचा एकत्र झालेला पट्टा पाहिला, आणि काही न बोलता मुलाला हाक मारून गंधक दुसऱ्या खोलीत हलवायला लावले. फरशीवरची मिसळलेली पावडर खराट्याने घासू नका, आधी पाण्याने ओली करा, एवढे मात्र मला सांगावे लागले.

त्या खोलीतला दुसरा धोका वेगळा होता. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला आम्ल आणि शेवाळ काढायला क्लोरीन, ही दोन्ही कामे बागेत होतात, पण ती एकाच दिवशी एकाच टाकीतून केली तर टीसीएलमधले हायपोक्लोराइट आणि आम्ल यांच्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, विहिरीच्या पायऱ्यांवर, फिल्टरच्या खोलीत साचून राहतो. दोन्ही प्रक्रियांमध्ये नळ्या भरपूर पाण्याने धुऊन काढल्याशिवाय दुसरे रसायन सोडू नये.

टीसीएल तर प्रत्येक ग्रामपंचायतीत असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली आणि पाणी ओसरल्यावर सांगलीच्या गल्लोगल्ली गाळावर ही पावडर पसरली गेली, तेव्हा तिचा वास कित्येक दिवस हवेत होता. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो. ओलावा, ऊन आणि उघडे तोंड यांनी तो घटत जातो, म्हणून वर्षभर पडलेल्या पोत्यावर विसंबून पाणी शुद्ध झाले असे मानता येत नाही, पाण्यातला क्लोरीन दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करूनच पाहावे लागते. पोहण्याच्या तलावांसाठी मिळणारे ६५ ते ७० टक्क्यांचे कॅल्शिअम हायपोक्लोराइट हे त्याहून कितीतरी तीव्र ऑक्सिडक असून तेल, ग्रीस, रंग, लाकडाचा भुसा यांच्या संपर्कात ते आपोआप तापून पेटू शकते. डास मारण्याच्या फॉगिंग यंत्राचे डिझेल आणि ही पावडर एकाच खोलीत ठेवण्याची प्रथा मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे आणि ती तातडीने थांबायला हवी. संडास धुण्याच्या आम्लाबरोबर ही पावडर मिसळू नये, हे घरोघरी सांगितले पाहिजे, कारण लहानशा न्हाणीघरात सुटलेला क्लोरीन फुप्फुसांना कायमची इजा करू शकतो.

कपड्यांचाही विचार करावा लागतो. १९३० च्या दशकात न्यूझीलंडमधील शेतकरी एका विषारी तणावर सोडिअम क्लोरेट फवारत असत. द्रावण विजारीत मुरे, विजार वाळे, आणि मग शेकोटीच्या उबेने, ठिणगीने किंवा नुसत्या घासण्याने ती अंगावरच पेट घेई. सुती कापड आणि त्याच्या धाग्याधाग्यात बसलेला ऑक्सिडक, याहून जवळचे शेजारी असू शकत नाहीत. ऑक्सिडक हाताळताना भिजलेला कपडा वाळू देऊ नये, लगेच काढून पाण्यात बुडवावा.

११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात कोसळलेल्या व्हॅल्यूजेट कंपनीच्या ५९२ क्रमांकाच्या विमानातही क्लोरेटच होते. प्रवाशांच्या डोक्यावरील मुखवट्यांना ऑक्सिजन पुरवणारी, सोडिअम क्लोरेट असलेली जुनी साधने रिकामी म्हणून सामानाच्या कप्प्यात चढवली गेली, ती रिकामी नव्हती, त्यांना सुरक्षेची टोपणे नव्हती, आणि त्याच कप्प्यात टायर होते. ११० जण मरण पावले. हवाबंद कप्प्यात आग लागली तर ऑक्सिजन संपून ती विझेल, या गृहीतकावर तो कप्पा बांधलेला होता.

हायड्रोजन पेरॉक्साइड हे आपल्या परिसरातले आणखी एक परिचित नाव. ठिबक स्वच्छ करण्यासाठी चांदीचा अंश असलेले पेरॉक्साइड विकले जाते, आणि २०१४ हा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहिलेले त्याचे टँकर पेठ नाक्यावरून महामार्गाने जाताना दिसतात. गंज, धूळ, तांबे यांच्या संपर्कात ते विघटित होऊन ऑक्सिजन आणि उष्णता देते, म्हणून त्याच्या कॅनच्या झाकणाला हवा सुटायला बारीक वाट ठेवलेली असते. ती चिकटपट्टीने बंद करू नये आणि उरलेले पेरॉक्साइड घट्ट झाकणाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. १२ ऑगस्ट २००० रोजी बुडालेल्या कुर्स्क या रशियन पाणबुडीतील ११८ जणांच्या मृत्यूचे मूळ टॉर्पेडोमधून गळलेल्या तीव्र पेरॉक्साइडमध्ये होते.

ऑक्सिडकाचा आगीशी संबंध आला तर गोणपाट टाकून किंवा कार्बन डायऑक्साइडचे यंत्र वापरून ती आग गुदमरवता येत नाही, कारण तिचा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो. नायट्रेट, क्लोरेट, परमँगनेट यांच्या बाबतीत दुरून मारलेले भरपूर पाणी हाच उपाय आहे, कारण ते उष्णता काढून घेते. सोडिअम पेरॉक्साइड आणि पोटॅशिअम सुपरऑक्साइड यांना मात्र पाणी चालत नाही. खाणीत आणि पाणबुडीत श्वासासाठी वापरले जाणारे सुपरऑक्साइड पाण्याच्या संपर्कात जोराने ऑक्सिजन आणि उष्णता सोडते. सांडलेला ऑक्सिडक गोळा करताना लाकडाचा भुसा, कापसाचा बोळा किंवा रद्दी कागद वापरू नये; कोरडी स्वच्छ वाळू आणि प्लास्टिकचे फावडे वापरावे. गोळा केलेली पावडर पुन्हा मूळ पोत्यात भरू नये, कारण तिच्याबरोबर फरशीवरचा कचरा, तेल आणि काडीकस्पट पोत्यात जाते. ती वेगळ्या, सैल झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवून, बादलीवर नाव आणि तारीख घालून, गंधक, तेल आणि डिझेल यांच्यापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावी.